सात पाळ्यांचं चाक

अक्काला आणायला म्हणून आमच्या घरातून आजवर जी जी माणसं गेली, ती सगळी तिच्या बागेतली सुपारी, मिरी आणि मधाची बाटली घेऊन परत आली. अक्का काही आली नाही. यंदा माघ महिन्यात ही कामगिरी माझ्यावर आली. माझ्यावर सोपवलेलं काम पार पडतं असा घरात कुणाचाही अनुभव नाही. पण बाकीचे सगळे जाऊन आले होते.

अक्का आमची थोरली बहीण. लग्न होऊन बेळगावातून गेली ती थेट कारवार जिल्ह्यातल्या सुपा तालुक्यात, आंबेमाळ नावाच्या मोजक्या घरांच्या गावी. भाऊजी मूळचे खानापूरकडचे. जंगलाच्या ठेक्यावर म्हणून तिकडे गेले आणि दरीत सुपारीची बाग लावून तिथलेच झाले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बाग अक्काच बघते. बाग बघते म्हणजे पाणी बघते. दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत सुपारीला पाणी लागतं, आणि ते डोंगरातल्या ओहोळाला बांध घालून पाटानं आणलेलं असतं. पाटावर प्रत्येक बागेच्या तोंडाशी एक लाकडी फळी. ज्याची पाळी असेल त्यानं पहाटे वर चढून आपली फळी उचलायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चढून ती पाडायची.

गेल्या दिवाळीनंतर अक्का शेवाळावरून घसरली आणि गुडघा धरून बसली. त्यातच तिच्या दोन पाळ्या चुकल्याची बातमी सुपारीच्या व्यापाऱ्यानं बेळगावात आणली. अण्णा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, हे आमच्या घरचं हायकोर्ट. त्यानं निकाल दिला, "गुडघा गेला, आता डोकंही चाललं. बाग कुणाला तरी लावून द्या आणि तिला घेऊन या." आमच्या हिनं मागच्या खोलीला चुना लावून घेतला, खाटेला नवी सुतळी भरून घेतली. मी मुकाट्यानं मान डोलावली. पण माझ्या मनात निराळंच शिजत होतं. मी एक यंत्र बनवत होतो. ते घड्याळ बघून आपलं आपण फळी उघडणार होतं.

ह्या यंत्राची थोडी वंशावळ सांगायला हवी. माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. देश स्वतंत्र झाला, कॅम्पातले साहेब बोटीत बसले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. साहेबांच्या क्लबातून मला बोलावणं आलं. तिथल्या हिरवळीला पाणी घालण्यासाठी कुणा साहेबानं विलायतेहून एक लोखंडी पेटी आणवली होती. ती बंद पडली होती. उघडून पाहतो तर आत माळ्याच्या विड्या आणि विड्यांच्या मागे एक सुंदर घड्याळ. घड्याळाला जोडलेलं एक चाक, चाकाच्या कडेला वारांच्या खुंट्या. ज्या वाराला खुंटी, त्या वारी ठरल्या वेळी तरफ कलायची, विजेचा प्रवाह सुरू व्हायचा आणि तिकडे नळाचं तोंड उघडायचं. पाणी नको असेल त्या वाराची खुंटी उपटून ठेवली की झालं. मी पेटी दुरुस्त केली. माळ्याचा मात्र तिच्यावर विश्वास नव्हता. पेटीनं पाणी घातलं की पाठोपाठ तोही एकदा घालायचा. हिरवळीचं तळं झालं, क्लबच्या सेक्रेटरीनं पेटी काढून टाकली आणि माळ्यानं विड्या परत आत ठेवल्या.

मी मात्र त्या चाकाच्या प्रेमात पडलो ते पडलोच. पुढे वाचनालयात परदेशी मासिकं चाळताना मी त्या पेटीच्या नातवंडांचीसुद्धा खबर ठेवत असे. आधी चावीची घड्याळं होती. मग चावी गेली, विजेची मोटर आली. मग पेटी लहान होत होत घरोघरी भिंतीवर टांगायच्या आकाराची झाली. त्या चित्रांत माळी कुठेच नसे. हॅट घातलेला एक गृहस्थ खुर्चीत बसून सरबत पीत असे आणि त्याच्या मागे पाणी आपोआप उडत असे. त्या खुर्चीत मला अक्का दिसायची. हॅट नव्हे, पदर डोक्यावरून घेतलेली.

आंबेमाळला वीज नाही. म्हणून मी गजराच्या घड्याळाची चावी वेळेसाठी घेतली आणि बॅटरीचे सेल ताकदीसाठी. दारावरच्या घंटीतलं लोहचुंबक काढलं. तुपाच्या डब्याच्या झाकणाचं चाक केलं. गजराचं घड्याळ आमच्या हिच्या माहेरचं होतं. ते "चार दिवसांत परत आणतो" ह्या वचनावर मिळालं. घरी न्हाणीघरात चाचणी घेतली तेव्हा आठवडा साडेतीन दिवसांतच संपला. तासकाटा दिवसातून दोनदा फिरतो ही गोष्ट मी विसरलो होतो.

"घड्याळाचं दुकान तुमचंच ना?" हिनं विचारलं.

मी दर दिवसाला दोन, असे चौदा दात पाडले आणि निघालो.

लोंढा

एका हातात यंत्राची पेटी, दुसऱ्या हातात अक्काचे कपडे आणण्यासाठी रिकामी ट्रंक. लोंढा स्टेशनात उतरलो आणि गोव्याच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या हवालदारानं मला हेरलं. गोवा आपला झाल्याला आता काही वर्षं झाली, पण तिकडच्या घड्याळांचा इकडे चोरून होणारा व्यापार काही थांबलेला नाही.

"पेटीत काय आहे?"

"घड्याळ," मी खरं बोललो. खरं बोलून माझं आजवर कधी भलं झालेलं नाही.

त्यानं झाकण उघडलं. घड्याळ, तारा, सेल. त्याचा चेहरा उतरला. तो दोन पावलं मागे सरला आणि आजूबाजूचे लोक चार. "हे घड्याळ नाही," तो हळूच म्हणाला. "काय आहे हे?"

"पाणी सोडायचं यंत्र आहे."

"कुठे सोडायचं?"

तेवढ्यात गजर वाजला. फलाटावरचा भजीवाला कढई सोडून पळाला. मी झडप घालून गजर दाबला आणि हवालदाराला घामाघूम होत सगळी हकीकत सांगितली. अक्का, गुडघा, पाट, फळी. तो दोन पावलं पुन्हा पुढे आला. मग म्हणाला, "आमच्या गावीपण ऊस आहे. हे उसाला चालेल काय हो?" भजीवाला परत आला तेव्हा आम्ही दोघं पेटीवर वाकून चाक बघत होतो. भजी करपली होती, पण ती आम्हीच खाल्ली.

सुपा

लोंढ्याहून लाकडाच्या ट्रकनं जगलबेट गावावरून सुप्याला आलो. ट्रक रिकामा परतत होता, त्यामुळे मागे साखळदंड आणि मी असे दोघेच आदळत होतो. सुप्याची पेठ नदीकाठी आहे. काळी नदीचं पाणी ह्या दिवसांत इतकं संथ आणि हिरवंगार असतं की बघत उभं राहावं. मी उभा राहिलो आणि आंबेमाळच्या वाटेनं जोयड्याकडे जाणारी बैलगाडी चुकवली.

दुसरी गाडी मिळेपर्यंत हॉटेलात जेवलो. कुळथाचं सार, उकड्या तांदळाचा भात, कैरीचं लोणचं. आमच्याकडे वाढणारा माणूस "आणखी वाढू?" विचारतो. इथला विचारतच नव्हता. पान रिकामं दिसलं की भात पडे. मी 'पुरे' हे मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, शेवटी पानावर आडवा हात धरला, तेव्हा त्यानं हाताच्या बाजूनं वाढलं.

आंबेमाळ

गाडीवाट संपते तिथून पुढे उतारावर अक्काचं कौलारू घर. अंगणात चटयांवर मिरी वाळत घातलेली. वर झाडांच्या शेंड्यांवरून धनेश पक्षी गेला की सूप झटकल्यासारखा पंखांचा आवाज होतो. शहरातला माणूस दचकतो. मी दचकलो आणि अक्कानं वर पाहिलं.

"आलास तम्मा? अण्णानं न्यायला पाठवलं ना?"

आमच्याकडे कानडी शेजारामुळे धाकट्या भावाला तम्मा म्हणायची रीत आहे. माझे केस पांढरे झाले, पोट सुटलं, तरी आंबेमाळला मी तम्माच. आणि अक्काचा तम्मा म्हणून सगळ्या गावाचा तम्मा.

"छे छे. सहज भेटायला आलो."

"सहज भेटायला येणारा माणूस रिकामी ट्रंक आणत नाही," ती म्हणाली आणि काठी टेकत आत चहा ठेवायला गेली.

लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी यंत्र दाखवलं, चाक दाखवलं, क्लबच्या पेटीपासून सगळा इतिहास सांगितला. अक्का तांदूळ निवडत ऐकत होती.

"म्हणजे मी वर चढायला नको?"

"मुळीच नको. घड्याळ इथं ओसरीवर राहील. तार झाडाझाडांवरून वर जाईल. पाळीच्या दिवशी पहाटे चाकाची खुंटी टेकली की वर चुंबक खीळ ओढणार, दोरीला बांधलेला धोंडा खाली आणि फळी वर!"

"मग घड्याळ कशाला? इथं एक बटण दिलं असतंस तरी मी दाबलं असतं की. पहाटे मी जागीच असते."

हा विचार मला बेळगावात सुचला नव्हता. लोंढ्याला नाही, सुप्यालाही नाही. मी चहा संपवला. "घड्याळ वार लक्षात ठेवतं, अक्का," मी शेवटी म्हणालो.

ती निवडायची थांबली. पाळ्या चुकल्याचं बेळगावात पोचलंय हे तिला कळलं असावं. "बरं," ती म्हणाली. "पैज लाव. तुझं यंत्र चाललं तर मी इथंच राहीन, अण्णाला तसं तूच सांगायचं. नाही चाललं तर ट्रंक भरते. तुझी बायको खोलीला चुना लावून बसली असेल."

आता माझी पंचाईत बघा. मी आलो होतो तिला न्यायला आणि माझा सगळा जीव अडकला होता ती न येण्यात.

दुसऱ्या दिवशी यंत्र बसवलं. मदतीला शेजारचा सोमा बुधवंत आला. इकडच्या कुणब्यांत गावच्या प्रमुखाला बुधवंत म्हणतात. देवाचं गाऱ्हाणं तोच घालतो, भांडणं तोच मिटवतो. वयानं माझ्याएवढा, बोलायला माझ्याहून मोकळा.

"तम्मा, ह्या डब्यानं फळी उघडणार म्हणतोस?"

"व्हय," मी त्याच्या बोलीत म्हणालो.

"आणि आमी काय करायचं मग? झोपायचं?"

"हो की."

"तवा एक माज्या घरी बी लाव. न्हाई, फळीला नगं. देवकीला लाव. चहा येळेवर मिळंल." देवकी म्हणजे त्याची बायको. ती मागे पाटी घेऊन उभी होती. तिनं पाटीतला एक उकडलेला कणंग, म्हणजे इकडच्या जंगलातला कंद, नेम धरून त्याला मारला. तो त्यानं झेलला आणि सोलून खाल्ला.

त्या दिवशी रविवार होता. "उद्या आपली पाळी," अक्का म्हणाली, आणि मला फारच बरं वाटलं. भाऊजींच्या तोंडचं "सोमवार आपला, मंगळवार देवाचा" हे मी लहानपणी इथं सुट्टीला यायचो तेव्हापासून ऐकत आलो होतो. त्यावरूनच तर सात पाळ्यांचं चाक केलं होतं. मंगळवारी कुणीच फळी उघडायची नाही. सगळं पाणी पाटाच्या शेवटी देवाच्या राईतल्या तळीत जायचं. तिथं गुरं पितात, रानातली जनावरं पितात. आमच्या बेळगावात देवाला फुलं वाहतात, पेढे ठेवतात. वाहतं पाणी दिवसभर नुसतं सोडून देणारी माणसं मी इथंच पाहिली.

सोमवारी पहाटे मी ओसरीवर घड्याळासमोर परीक्षेला बसल्यासारखा बसलो. काटा पाचावर आला. चाक एक दात सरकलं. खट्! वर बागेत धप्पकन धोंडा पडला, आणि थोड्या वेळानं सुपाऱ्यांच्या ओळींतून कुजबुजल्यासारखं पाणी येऊ लागलं.

अक्का काठी टेकत उठली. आत जाऊन तिनं गुळाचा खडा आणला. अर्धा माझ्या तोंडात घातला आणि अर्धा घड्याळापुढे ठेवला. मुंग्यांनी तो दुपारपर्यंत नेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे फळी पाडून धोंडा पुन्हा टांगायला मात्र मीच वर चढलो; यंत्र तेवढं शिकलं नव्हतं. खरं तर तेव्हाच निघायचं. पण मी म्हटलं, आणखी एक पाळी बघून जाऊ. तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी तांदळाची भाकरी आणि कणंगाची भाजी. एकदा देवकीनं तांबड्या मुंग्यांची चटणी आणली. मी डोळे मिटून चाटली. आंबट होती आणि छान होती. "जिवंत न्हाई ना?" मी तिच्या बोलीत विचारलं. "आता न्हाई," ती म्हणाली. गावातली माणसं येऊन चाक बघून जात आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून इतिहास सांगे. हॅटवाल्या गृहस्थापर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांना कामं आठवत.

अक्का मात्र निवांत झाली होती. "मी आता मोजायचं सोडलं," ती म्हणे. "तुझं यंत्र मोजतंय ना?"

पुढच्या सोमवारी पहाटे पुन्हा खट्, पुन्हा धप्प, पुन्हा पाणी. मी बेळगावला जाऊन अण्णाला काय सांगायचं ह्याची वाक्यं जुळवत चहा पीत होतो. इतक्यात पायवाटेनं सोमा आला आणि त्याच्या मागून चार-पाच जण. सोमा हसत नव्हता.

"अक्का, आज पाणी कुणाचं?"

"सोमवार ना आज? आपलं," मी म्हणालो.

"वाराचं इचारत न्हाई मी. पाळी कुणाची?"

अक्का खांबाला धरून उठली. ती बोटांवर मोजत होती. मग तिनं पदर तोंडावर धरला. "देवाची," ती म्हणाली. "अरे देवा. देवाची आहे आज."

"पाळी काल हुती तुजी. काल मी सुप्याला गेलतो, न्हाईतर सांगाय आलो असतो. आज सकाळी बघतो तर तळीच्या तोंडाशी ठणठणाट, आन् देवाचं पाणी अक्काच्या बागेत नाचतंय!"

मला काहीच उमजेना. सोमानं मग सांगितलं. पाटावर पूर्वी सहा घरं आणि सातवा देव. म्हणून पाळी वाराला वार यायची. गेल्या पावसाळ्यानंतर मिराशांचं घर उठून गोव्याला खाणीवर गेलं. त्यांची बाग ओस पडली, त्यांचा दिवस मोडला. आता पाच घरं आणि देव. पाळी सहाव्या दिवशी येते आणि दर खेपेला वार मागे सरकतो. मी यंत्र बसवलं त्या आठवड्यात ती सोमवारी पडली होती, तो नुसता योगायोग.

म्हणजे अक्काचं डोकं शाबूत होतं. तिच्या पाळ्या चुकल्या त्या ह्यामुळेच; आठवडाच एका घरानं आखूड झाला होता.

"हे तू सांगितलं का नाहीस, अक्का?"

"विचारलं कुणी? जो येतो तो गुडघ्याचंच विचारतो."

मी फळी पाडायला वर धावलो. धावायला नको होतं. अक्का ज्या शेवाळावरून घसरली होती त्याच शेवाळावरून मी घसरलो आणि पाटात आडवा झालो. माझा आकार बघता त्या क्षणी पाणी सगळीकडचंच अडलं असावं. खालून सोमाचा आवाज आला, "तम्मा, तिथंच ऱ्हा! फळीचं काम झालं!"

देवाचं पाणी चुकून घेतलं तर राईत जाऊन नारळ ठेवायचा आणि जमलेल्यांना गूळ-खोबरं वाटायचं, अशी तिथली रीत. अक्काचा टॉवेल गुंडाळून मी नारळ घेऊन उभा राहिलो आणि सोमानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुजं पाणी अक्काच्या बागेत ग्येलं."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"अक्काची चूक न्हाई. चूक डब्याची हाय. डब्याला अक्कल न्हाई. डबा क्येला त्या तम्माला हाय का न्हाई, त्ये तुलाच ठावं!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी आवाज जरा जास्तच चढला.

"पर काल अक्काचं पाणी तुज्या तळीत आलं, आन् आज तुजं तिच्या बागेत. म्हंजे अदलाबदल झाली असं समज, आन् सगळ्यास्नी सांभाळून घे!"

देवानं सांभाळून घेतलं असावं, कारण नारळ गोड निघाला.

पण घरी आलो तर अक्का ट्रंक भरत होती. दोन लुगडी, भाऊजींचा जुना कोट, तांब्या. "पैज हरलास," ती म्हणाली. "मी शब्दाची पक्की आहे."

माझी कामगिरी फत्ते झाली होती. घरातल्या कुणालाही जमलं नव्हतं ते मी एका धोंड्यानं जमवलं होतं. दुपारी मी पान तसंच सोडून बागेत जाऊन बसलो.

उन्हं कलताना सोमा आणि देवकी आले. सोमानं ट्रंक पाहिली. पायरीवर बसला, अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिला.

"मिराशी ग्येला तवा सहाचं पाच झालं," तो म्हणाला. "तू ग्येलीस की चार. पाचव्या दिशी देवाची पाळी. देव बी म्हणंल, अरं, येवढं पाणी मला कशाला?"

कुणी हसलं नाही. मला राग आला. "एवढं वाटतं तर तुमच्यापैकी कुणी तिची फळी का उघडत नाही? तुम्ही पाटावर जाताच ना?"

"इचार तिलाच!" देवकी उसळली. "दोन डाव ग्येले मी उघडाय. दोन्ही डाव हिनं दुसऱ्या दिशी पाटीभर मिरी धाडली. शेजाऱ्याला मजुरी देती ही! मग मी बी जायचं सोडलं."

"फुकट कुणाचे हात वापरायची सवय नाही मला," अक्का ट्रंकेत बघत म्हणाली.

ओसरीवर घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. सोमा उठला आणि चाकाजवळ जाऊन वाकला. बोटानं एक एक दात मोजत म्हणाला, "वार आन् पाळी जुळंना झाल्यापास्नं आमची बी रोज वादावादी हाय. गेल्या म्हैन्यात माजं आन् धाकल्या गावड्याचं तोंडाला तोंड लागलं. दोघं बी म्हणतोय आज माजी पाळी." तो वळला. "तम्मा, ह्या चाकात आमी समदी बसू काय?"

"सगळी म्हणजे?"

"पाची घरं आन् देव. अक्का, तू पाळी सांभाळ. चावी दे, चाक बघ, आज कुणाचं त्ये सांग. फळी आमी सांभाळतो. ज्याची पाळी सरंल, त्यो आपली पाडताना फुडच्याची उचलंल. ह्यात फुकट कुणाचं काय न्हाई."

अक्कानं ट्रंकेतला कोट उचलला, झटकला, परत घडी केली. मग कोटाचं एक बटण दातांनी तोडलं.

"तम्मा," ती म्हणाली, "झाकण आहे का दुसरं?"

नवं चाक देवकीच्या डब्याच्या झाकणातून निघालं. बारा दात, सहा खुंट्या. कोणती कुणाची हे कळायला प्रत्येक घरानं आपली खूण आणून बांधली. सोमानं मोरपिसाची काडी, गावड्यानं कवडी, एकानं वाळकी मिरची, एकानं हळकुंडाचा तुकडा. देवाला तांबडा दोरा. अक्काच्या खुंटीला भाऊजींच्या कोटाचं बटण. चुंबक, तार, धोंडा सगळं मी सोडवून घेतलं. सेल तसेही संपत आले होते. गजर मात्र चावीवरच चालतो, तो पहाटे वाजतोच.

"आणि पैज?" निघताना मी विचारलं.

"यंत्र चाललं तर राहीन म्हटलं होतं. ते कुणी चालवायचं हे कुठं ठरलं होतं?"

सात पाळ्यांचं जुनं चाक मी टाकून देणार होतो. अक्कानं ते माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि ओसरीवरच्या खिळ्याला अडकवलं. "असू दे. मिराशांची सून म्हणत होती, खाणीवरची धूळ सोसत नाही."

सोमा गाडीपर्यंत पोचवायला आला. ट्रंक त्याच्याच डोक्यावर होती. "परत ये, तम्मा," तो म्हणाला. "पर पाचाचं चाक घिऊन येऊ नगंस."

बेळगाव

ट्रंक घरात उघडली. सुपारी, मिरी, मधाची बाटली, वर चार कणंग. अण्णानं ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"यंत्र चाललं का?"

"नाही."

"मग अक्का का आली नाही?"

मी सांगायला सुरुवात केली. क्लबच्या पेटीपाशीच अण्णा उठून गेला. ही मात्र शेवटपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, "सगळं खरं. माझं घड्याळ कुठाय?"

घड्याळजीच्या घरात आज गजराचं घड्याळ नाही. पहिले काही दिवस मुलांची शाळा बुडाली, माझं दुकान उशिरा उघडलं. मागची चुना लावलेली खोली माझ्या पसाऱ्याला मिळाली. नवं घड्याळ आणायचं रोज ठरतं आणि रोज राहतं. पण आता त्याची तशी गरज उरलेली नाही. पहाटे, काळोखातच, ही मला कोपरानं ढोसते.

"उठा. अक्काकडे वाजलं असेल."

मी कूस बदलतो. ती तशीच पडून थोडा वेळ वरच्या कौलांकडे बघत राहते.

"आज कुणाचं पाणी हो?"

मी पांघरुणात बोटं मोजतो. मोरपीस, कवडी, मिरची, हळकुंड.

"आज आपलं," मी म्हणतो, आणि ही उठून चूल पेटवायला जाते.